पाठीवरचं जुनं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो ते काही विंचवाच्या कौतुकाने नव्हे. पण त्या बिऱ्हाडाची एक सोय आपल्या लक्षात येत नाही: विंचवाला पत्ता बदलल्याचं कुणालाही कळवावं लागत नाही. हल्ली कुत्र्या-मांजरांच्या पाठीवरही असंच एक बिऱ्हाड असतं. दोन खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली, एक काचेची बारीक कुपी. सगळेजण तिला ‘तांदळाच्या दाण्याएवढी’ म्हणतात, पण लांबी साधारण १२ मिलिमीटर आणि जाडी दोन हे माप बघता दाणा शिजलेल्या बासमतीचा धरावा लागेल. त्या कुपीत पंधरा आकडी नंबर असतो आणि तो नंबर कुठल्यातरी संगणकाच्या नोंदीत मालकाच्या नावापत्त्याशी जोडलेला असतो. जनावर हरवलं आणि कुणाला सापडलं, की डॉक्टर त्याच्या पाठीवरून स्कॅनर फिरवतात, नंबर वाचतात, नोंद काढतात आणि मालकाला फोन लावतात. व्यवस्था इतकी सुटसुटीत आहे की तिच्यात बिघडण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटावं. ती बिघडते ती मालकाने घर बदललं की. टेम्पोत सोफा चढतो, फ्रिज चढतो, तुळशीची कुंडी कुणाच्यातरी मांडीवर बसून जाते, कुत्रा मागच्या सीटवरून मान बाहेर काढून जातो. त्याच्या पाठीवरचं बिऱ्हाड तेवढं जुन्या पत्त्यावरच राहतं.

या चिपबद्दल लोकांच्या कल्पना फार भव्य असतात. ‘चिप बसवली’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उपग्रह येतो, मोबाइलवरचा नकाशा येतो आणि त्या नकाशावर आपला बोका निळा ठिपका होऊन शेजाऱ्यांच्या गॅरेजकडे सरकताना दिसू लागतो. प्रत्यक्षात चिपमध्ये बॅटरी नाही, जीपीएस नाही, मालकाचं नाव नाही, कुत्र्याचंसुद्धा नाव नाही. ती कुंभकर्णाच्या जातीची आहे. १३४.२ किलोहर्ट्झच्या लहरी सोडणारा स्कॅनर अगदी अंगाजवळ आणला की त्या लहरींवरच जागी होते, नंबर सांगते आणि पुन्हा झोपते. पंधरा आकड्यांतले पहिले तीन देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे. उरले बारा. आपला आधार क्रमांकही बाराच आकड्यांचा, म्हणजे ओळखपत्राच्या बाबतीत कुत्रा आपल्यापेक्षा तीन आकडे पुढेच आहे. पण आधारच्या कार्डावर निदान पत्ता छापलेला असतो आणि तो चुकीचा असला की डोळ्यांना दिसतो. चिपचा पत्ता चिपमध्ये नसतोच. ती फक्त लॉकरची किल्ली, लॉकर भलतीकडे. गंमत म्हणजे ही कुपी कधीकधी कातडीखाली थोडी सरकते, म्हणून सापडलेल्या जनावराच्या खांद्यापासून पायापर्यंत स्कॅनर फिरवायला शिकवतात. चिप सरकते, पत्ता सरकत नाही.

माझं म्हणणं असं की या सगळ्यात चिपचा दोष एकच आहे आणि तो तिच्या गुणातून आलेला आहे. ती कधी संपत नाही. एकदा बसवली की जनावराच्या आयुष्यभर चालते, आणि जी गोष्ट संपत नाही ती माणसाच्या लक्षात राहत नाही. आपल्या घरातल्या कुठल्या गोष्टी वेळच्या वेळी होतात याची उजळणी करून बघा. गाडीचा विमा होतो, कारण कंपनीची माणसं महिनाभर आधी मागे लागतात. पीयूसी होतं, कारण चौकात पोलीस उभा असतो. मोबाइलचा रिचार्ज होतो, कारण नाही केला तर एक बाई मधेच संभाषण तोडून आपली पत सगळ्यांसमोर काढतात. पुण्या-मुंबईत कुत्र्याचा परवाना काढावा लागतो, तोसुद्धा दरवर्षी संपतो, म्हणून निदान अपराधी वाटायची तरी सोय होते. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि दहाव्या महिन्यात घरमालकाचा सूर बदलतो तेव्हाच कळतं की पुन्हा खोकी गोळा करायची वेळ आली. या सगळ्या गोष्टी कटकट करतात. चिप कटकट करत नाही. मराठी घरात जो कटकट करत नाही त्याला शेवटी वाढतात हे सांगायला नको.

घर बदलतानाची यादीच बघा. गॅस, वीज, इंटरनेट, बँक, मुलांची शाळा, पेपरवाला, दूधवाला, पोलीस ठाण्यातली भाडेकरूची नोंद. यादीत ज्याचा क्रमांक वर, त्याची उपद्रवशक्ती जास्त. इंटरनेटवाल्याला आपण टेम्पो ठरवायच्या आधी फोन करतो, कारण एक संध्याकाळ वायफायशिवाय काढायची तर घरातल्या माणसांना एकमेकांशी बोलावं लागतं. देवाची मांडणी होते, दूध उतू घालतात, टीव्हीची वायर सापडते. कुत्र्याचं नाव यादीत असतं, पण ‘त्याला कोण धरणार’ एवढ्यापुरतं. घरात त्याला कितीही ‘आमचा धाकटा’ म्हटलं तरी धाकट्याच्या शाळेचा दाखला जसा आठवणीने काढतात तसा या धाकट्याचा पत्ता कुणी काढत नाही.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेत ५३ प्राणी-निवाऱ्यांत आलेल्या, चिप असलेल्या ७,७०४ प्राण्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातला पहिला निष्कर्ष चिपच्या बाजूने डंका पिटणारा आहे. भटके म्हणून आलेल्या सगळ्या कुत्र्यांपैकी २१.९ टक्के आपल्या घरी परतले. चिप असलेल्यांपैकी ५२.२ टक्के. मांजरांचा आकडा तर बघण्यासारखा आहे: सगळ्यांत मिळून १.८ टक्के, आणि चिपवाल्यांत ३८.५. मांजराच्या बाबतीत चिप म्हणजे पुनर्जन्मच म्हणायचा. पण त्याच अभ्यासाने उलट प्रश्नही विचारला: चिप असूनही ज्यांचे मालक सापडले नाहीत, त्यांचं नेमकं काय अडलं? कातडीखालच्या काचेला तडा गेला होता असं उत्तर आलं नाही. सर्वांत मोठं कारण, ३५.४ टक्के, फोन नंबर चुकीचा किंवा बंद. २४.३ टक्के मालकांनी फोनला किंवा पत्राला उत्तरच दिलं नाही. १७.२ टक्के ठिकाणी चिप एका कंपनीची आणि नोंद दुसऱ्याच कंपनीकडे. ९.८ टक्के चिपांची नोंदच कुणी केलेली नव्हती, म्हणजे किल्ली घडवली आणि लॉकर घ्यायचाच राहिला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या निवाऱ्यांचा २०१५ सालचा अभ्यास हेच जरा वेगळ्या आकड्यांत सांगतो. तिथे चिपवाल्या जनावरांपैकी ३७ टक्क्यांच्या नोंदीत काहीतरी गडबड होती, आणि गडबडींत पहिला नंबर होता ‘नोंद आधीच्या मालकाच्या किंवा संस्थेच्या नावावर’ हिचा. नोंद ठीक असलेल्या मांजरांपैकी ६१ टक्के मांजरांना मालक येऊन घेऊन गेले, गडबडवाल्यांपैकी ३३. दोन्हीकडे काच तीच, लहरी त्याच, स्कॅनरही तसाच. फरक पडला तो कुणीतरी दहा मिनिटं बसून फॉर्म भरला होता की नाही याने.

आता या विसरण्याची वेळ बघा, कारण खरी मेख तिथे आहे. वर्षभर नोंद चुकीची राहिली आणि जनावर वर्षभर सोफ्यावर लोळत राहिलं तर काहीच बिघडत नाही. पण नोंद चुकीची होते ती घर बदलण्याच्या दिवशी, आणि जनावर हरवण्याची शक्यता सर्वांत जास्त असते तीही त्याच दिवशी आणि पुढच्या दोन-चार आठवड्यांत. सामान हलवणारी माणसं दाराला वीट लावून ते सताड उघडं ठेवतात. घरातला प्रत्येकजण ‘तू बघतोयस ना त्याच्याकडे?’ असं दुसऱ्याला विचारतो आणि दुसरा ‘हो’ म्हणतो, कारण त्याला वाटतं प्रश्न मिक्सरबद्दल आहे. कुत्र्याला नव्या गल्लीतला एकही खांब ओळखीचा नसतो, त्यामुळे परतीच्या वाटेवर स्वतः लिहून ठेवलेली एकही खूण त्याला सापडत नाही. मांजराचं तर सगळंच वेगळं. मांजर माणसाला नव्हे, घराला जीव लावतं असं आपल्याकडे म्हणतात, आणि मांजरी पिलांना सात घरं फिरवते असंही म्हणतात. सात घरं फिरवणारी ती आई एकदाही पत्ता नोंदवत नाही हे खरं, पण ती पिलू तोंडात धरून नेते, टेम्पोवाल्याच्या भरवशावर सोडत नाही. नव्या घरी मांजराला पहिले दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नका असं जाणकार सांगतात ते याच भीतीने: घरं जवळजवळ असतील तर ते सरळ उठून जुन्या घरी चालू लागतं. मग ‘जरा स्थिरस्थावर झालो की करू’ हे वाक्य इथे किती विपरीत आहे ते बघा. स्थिरस्थावर झाल्यावर त्या नोंदीची निकड निम्मी संपलेली असते.

ब्रिटनमध्ये ही गोष्ट कायद्याने बांधली आहे, आणि तिथे कितीतरी मराठी घरं असल्यामुळे ती आपल्यालाही परकी नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०१६ पासून कुत्र्याला चिप सक्तीची झाली. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून मांजरालाही, वीस आठवड्यांचं व्हायच्या आत. मांजराची सक्ती फक्त इंग्लंडात, त्यामुळे सरहद्दीवरचा एखादा बोका कुंपणावरून स्कॉटलंडात उडी मारून कायद्यातून मोकळा होऊ शकतो. अर्थात तो अलीकडे असतानाही कायदा मानत होता असं समजायचं कारण नाही. नुसती चिप असून तिथे भागत नाही. नोंद चालू पत्त्याची असली पाहिजे, आणि अधिकाऱ्याने बजावल्यावर २१ दिवसांत सगळं सुरळीत केलं नाही तर ५०० पौंडांपर्यंत दंड. पण दंडापेक्षा दुसरा आकडा जास्त धारदार आहे. सापडलेला बेवारस कुत्रा तिथली कौन्सिल सात दिवस सांभाळते. त्यानंतर तो दुसऱ्याला देण्याचा, नाहीतर त्याहून वाईट काही करण्याचा तिला अधिकार आहे. आता कौन्सिलचं पत्र जुन्या पत्त्यावर पडतं, तिथला नवा भाडेकरू ते रेडिएटरवर ठेवतो, शनिवारी त्याला आठवण होते, मग तो सभ्यपणे पाकिटावर ‘इथे राहत नाहीत’ लिहून ते पुन्हा पेटीत टाकतो. सात दिवस फार नसतात.

पुण्याहून कुत्रा घेऊन ब्रिटनला गेलेल्या घराची स्थिती आणखी मौजेची. त्या कुत्र्याच्या चिपचा नंबर अमृततुल्यवाल्याला तोंडपाठ व्हावा इतक्या वेळा वाचला गेलेला असतो. आधी चिप, मग रेबीजची लस. लस आधी टोचली असेल तर ती धरत नाहीत, पुन्हा टोचा. मग किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि रक्त दिल्यापासून तीन महिन्यांची वाट. ब्रिटनमध्ये पोचायच्या आधीच्या एक ते पाच दिवसांत जंताचं औषध. प्रत्येक कागदावर पंधरा आकडे, प्रत्येक टेबलावर स्कॅनर. विमानात तो मांडीवर बसून जात नाही, पेटीतून, कार्गो म्हणून जातो आणि उतरल्यावर पुन्हा तोच नंबर वाचतात. नंबर जुळला की सगळ्यांचे चेहरे उजळतात. एवढं झाल्यावर स्लाउच्या घरात त्याला पहिली पोळी मिळते, आणि सगळ्यांची अशी ठाम समजूत होते की याच्याइतकी कागदपत्रं झालेला प्राणी जगात दुसरा नसेल. प्रत्यक्षात त्याची चिप तिथल्या मान्य नोंदणीत घालायची असते, आणि कुत्रा आणल्यापासून तीस दिवसांच्या आत ते काम व्हायचं असतं. नाहीतर पार्कात तो सुटला आणि कुणी त्याला स्कॅनरखाली धरलं, तर निघणारा पत्ता एकतर निघणारच नाही, किंवा कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावरचा निघेल.

इथे बहुतेक मालक एक हुकमी वाक्य काढतात: ‘अहो, आम्ही डॉक्टरांना नवा पत्ता दिलाय की.’ या वाक्याने जितकी जनावरं अडकत असतील तितकी गटारांतही अडकत नसतील. डॉक्टरांच्या रिसेप्शनवर बसलेल्या बाईंनी नवा पत्ता लिहून घेतला, तो त्यांच्या दवाखान्याच्या संगणकात गेला. पुढच्या लसीचं स्मरणपत्र बरोबर घरी येईल. चिपच्या नोंदणीशी त्या संगणकाची साधी तोंडओळखही नसते. ती नोंदणी वेगळी संस्था सांभाळते, आणि तिला कळवायचं काम मालकाचं. विम्याच्या कंपनीला कळवलं तरी तेच, कौन्सिलला कळवलं तरी तेच. कुत्र्याचा पत्ता चार दप्तरांत असतो आणि चौघंही एकमेकांशी अबोला धरून असतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये: मोठ्या काकांना सांगितलं म्हणजे धाकट्या काकूंपर्यंत पोचलं असं कधी झालंय का?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पत्ता बदलला तरी मोबाइल नंबर तोच आहे, फोन तर येईलच, मग पत्त्याचं एवढं काय? देशातल्या देशात घर बदलणाऱ्यासाठी यात तथ्य आहे. २०११ पासून आपल्याकडे कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, आणि लोक घर, नोकरी, पक्ष, काहीही बदलतील पण नंबर बदलत नाहीत. पण नोंदीत तोच नंबर आहे याची खात्री कुणी केली आहे? पिल्लू आणलं त्या वर्षी फॉर्मवर घरचा लँडलाइन लिहिला होता, तो फोन आता माळ्यावर आहे. ईमेल म्हणून रेडिफमेल लिहिला होता, त्याचा पासवर्ड त्या वेळच्या क्रिकेट कप्तानाच्या नावावर होता. परदेशी गेलेल्याचा नंबर तर पहिल्याच आठवड्यात बदलतो. आणि समजा नंबर तोच आहे, फोन वाजलाही. उचलणार कोण? अनोळखी नंबर दिसला की आपल्याला क्रेडिट कार्ड, प्लॉट आणि पर्सनल लोन यांचे आवाज आधीच ऐकू येतात. त्या अमेरिकी अभ्यासातल्या उत्तर न देणाऱ्या २४ टक्क्यांत सगळेच निर्दय नव्हते, असा माझा अंदाज आहे; काहींनी लाल बटण दाबलं असेल आणि पुन्हा शेजारच्या खांबावर ‘हरवला आहे’चा कागद चिकटवायला घेतला असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्याने केली त्याने चिप पाहिली नव्हती, पण जागा मात्र जवळपास अचूक सांगितली. फोन न उचलणाऱ्यासाठी पत्ता लागतो, आणि पत्त्यावर न सापडणाऱ्यासाठी दुसऱ्या एखाद्या विश्वासू माणसाचा नंबर. 

गळ्यातला पट्टा आणि त्यावरची पाटी पुरे, असं म्हणणारेही आहेत. पाटी चांगलीच. ब्रिटनमध्ये सार्वजनिक जागी कुत्र्याच्या गळ्यात मालकाच्या नावापत्त्याचा पट्टा असावा असा १९९२ पासूनचा हुकूम आहे, आणि शेजाऱ्याकडे स्कॅनर नसला तरी चष्मा असतो. पण पट्टा निघतो. मांजराचा तर मुद्दामच असा करतात की फांदीत अडकला तर सुटून यावा. ‘आमचं मांजर घराबाहेर जातच नाही’ हा आक्षेप मांजराने वाचला तर त्याला हसू येईल. आणि ज्यांना आपला पत्ता कुणाच्या हाती पडेल अशी धास्ती वाटते, त्यांच्यासाठी एवढंच की स्कॅनर नंबरापलीकडे काही दाखवत नाही. कुत्र्यामुळे पत्ता फुटेल अशी भीती बाळगणारा माणूस तोच पत्ता दुकानात पाच टक्के सवलतीसाठी बिनदिक्कत लिहून देतो.

‘हे सरकारनेच एका ठिकाणी करावं’ हा आक्षेप मात्र मी मान्यच करतो. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त नोंदण्या वीसपेक्षा जास्त आहेत. नंबर कुठल्या नोंदणीत आहे ते शोधून देणारी सोय असते, अमेरिकेतही आहे, पण ज्या देशात कुत्र्याला एकच पाठ असते तिथे त्याचे वीस चोपडे कशाला हे कुणी समजावून सांगितलेलं नाही. काही ठिकाणी पत्ता बदलायलाही पैसे घेतात, आणि कुत्र्यावर महिन्याला कितीतरी खर्च करणारा माणूस त्या फीपुढे अचानक तत्त्वनिष्ठ होतो. त्यातून नोंद ठेवणारी कंपनी अमर असते असंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला टेक्सासमधली एक चिप-नोंदणी कंपनी अचानक बंद पडली आणि तिच्याकडे नाव घातलेल्या मालकांना आपापल्या जनावरांची नोंद दुसरीकडे नव्याने करावी लागली. ज्यांनी पत्ता कसोशीने अद्ययावत ठेवला होता तेही त्या दिवशी शून्यावर आले. म्हणजे व्यवस्था चोख नाही, हे खरंच. पण व्यवस्था सुधारेपर्यंत थांबायचं तर कुत्र्याला तसं सांगावं लागेल, आणि तो ऐकेल याची खात्री नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनांनी त्यांच्या परीने या मुक्या चिपला वाचा दिली आहे: दर १५ ऑगस्टला ‘चिप तपासा’ दिवस पाळायचा. तारीख आपल्या सोयीची आहे. त्या दिवशी सुट्टी असते, सकाळी आठला झेंडावंदन आटोपतं, आणि दुपारच्या जेवणापर्यंत देशभक्तीला दुसरं काही काम नसतं.

ते कामही किती? चिपचा नंबर लसीच्या पुस्तकात असतो, नसला तर डॉक्टर एका मिनिटात वाचून देतात. मग नोंदणीत शिरायचं, पत्ता, फोन, दुसरा फोन. हे कुणी केलं यापेक्षा केव्हा केलं ते महत्त्वाचं: टेम्पो दारात येण्याच्या आदल्या रात्री. त्या रात्री तसंही कुणी झोपत नाही. खोक्यांवर मार्करने ‘किचन, नाजूक’ लिहिणं चाललेलं असतं, चिकटपट्टीचं टोक सापडत नसतं, आणि मांजर प्रत्येक उघड्या खोक्यात जाऊन बसत असतं, म्हणजे त्याची आठवण द्यायला ते स्वतःच हजर असतं.

नाही केलं तर काय होतं, त्याचं चित्र काढणं अवघड नाही. नव्या घरात दहाव्या दिवशी कुणीतरी खिडकी उघडी ठेवतं. मांजर दोन किलोमीटर चालत जुन्या घरी पोचतं आणि पायपुसण्यावर बसून ओरडू लागतं. तिथे आता दुसऱ्या बाई राहतात. बाई दयाळू असतात. त्या दूध देतात, शेजारीपाजारी विचारतात, मग टोपलीत घालून मांजराला डॉक्टरकडे नेतात. दवाखान्यात फॉर्मवर आपलं नाव लिहितात, खाली आपला पत्ता लिहितात. डॉक्टर स्कॅनर फिरवतात, टिक असा आवाज येतो, पंधरा आकडे उमटतात. नोंद सापडते. फोन लावतात, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मग डॉक्टर पडद्यावरचा पत्ता वाचतात, बाईंच्या फॉर्मवरचा पत्ता वाचतात, पुन्हा पडद्यावरचा वाचतात. दोन्ही एकच. नोंदीप्रमाणे मांजर हरवलेलंच नाही, ते आपल्या पत्त्यावर अगदी सुखरूप आहे. डॉक्टर चष्मा काढून बाईंकडे बघतात. टोपलीतून मांजरही बघतं.